भिंत कोणत्या उंचीची?

समुद्रकाठच्या शहराला निदान दिशा तरी ठाऊक असते: पाणी वाढणार, वाद फक्त किती आणि केव्हा एवढाच. अमेरिका-कॅनडा सीमाभागातल्या पाच महासरोवरांकाठी तेवढीही खात्री नाही. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरे मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली असल्याने दोघांची पातळी एकच धरतात. जानेवारी २०१३ मध्ये ती नोंदींतल्या नीचांकाला गेली. जहाजांना कमी माल भरून निघावे लागले. पुढच्या सात वर्षांत तीच पातळी सुमारे ६ फूट चढली आणि जानेवारी २०२० च्या वादळात मिशिगनकाठच्या मिलवॉकी शहराचे बंदर पाण्याखाली गेले. हवा तापली की हिवाळी बर्फ घटून बाष्पीभवन वाढते, आणि त्याच हवेतून पाऊसही जास्त कोसळतो. जो वरचढ ठरेल त्याच्या बाजूने पातळी हलते. तेव्हा या शहरांनी एक ठरावीक पातळी धरून बांधकाम करण्यात अर्थ नाही, आणि पैशाचा मोठा वाटा किनाऱ्यापेक्षा पाठीमागच्या जमिनीवर खर्च व्हायला हवा.

सरोवरे पूर्वीपासूनच चढतात-उतरतात, असे यावर म्हटले जाते. खरेच आहे; १९८६ मध्येही पातळी उच्चांकी होती. पण हा युक्तिवाद सावधगिरीच्याच बाजूचा आहे, कारण पाणी ओसरलेल्या वर्षांत माणसे किनाऱ्याला चिकटून घरे बांधतात आणि पाणी परतले की भिंत मागतात. त्या भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा समोरची वाळू ओढून नेतात. शिकागोला मात्र भिंतीवाचून गत्यंतर नाही. तिथला बराचसा किनारा भराव टाकूनच केलेला आहे.

शिकागोचे खरे दुखणे जमिनीखाली आहे. पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतात. मैला पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये शहराने नदीचा प्रवाहच सरोवरापासून उलटा फिरवला, आणि १९७५ पासून जमिनीखाली खोल बोगदे खोदले; १७५ किलोमीटरचे हे जाळे २००६ मध्ये पुरे झाले. तरीही जुलै २०२३ च्या पावसात शहराच्या पश्चिम भागात आणि लगतच्या सिसेरो गावात तळघरे भरली. बोगदे फुकट गेले असे नव्हे, पण आकाराची मर्यादा खोदतानाच ठरून जाते. मिलवॉकीने असाच बोगदा बांधला, पण जोडीला वरच्या अंगाची पाणी मुरवणारी हजारो एकर जमीन राजीखुशीने विकणाऱ्यांकडून घेऊन मोकळी ठेवली. मला हा व्यवहार अधिक शहाणपणाचा वाटतो. त्या मोकळ्या जमिनीवर पाणी साचले तरी कोणाचे तळघर बुडत नाही.

गोड्या पाण्याची ही शहरे हवामानबदलातले सुरक्षित आसरे ठरतील, असाही एक आशावाद आहे. २०१९ मध्ये बफेलोच्या महापौरांनी आपल्या शहराची तशी जाहिरातही केली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसे गेली. पाणी मुबलक असणे आणि ते पिण्याजोगे असणे यांतही अंतर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवराकाठच्या टोलेडोत सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगण्यात आले, कारण त्यातले शेवाळाचे विष उकळल्याने आणखी दाट होते. मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांतले फॉस्फरस वसंतातल्या जोरदार पावसाने वाहून येते आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात हे शेवाळ माजते. शहराने शुद्धीकरण केंद्र सुधारले, पण ती शेते शहराच्या हद्दीबाहेर आहेत.

नेमके इथेच सगळे स्थानिक नियोजन अडते. टोलेडोच्या मतदारांनी २०१९ मध्ये ईरी सरोवरालाच कायदेशीर हक्क बहाल केले. २०२० मध्ये संघीय न्यायालयाने तो कायदा संदिग्ध ठरवून रद्द केला. टोलेडो ज्यात येते त्या ओहायो राज्याने २०१९ मध्येच खत जपून वापरणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देण्याची आणि पाणथळ जागा पुन्हा तयार करण्याची योजना आणली. हा मार्ग मला अधिक आश्वासक वाटतो. यात शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवावे लागत नाही. पण सहभाग ऐच्छिक आहे, आणि जो शेतकरी नाही म्हणतो त्याच्या शेतातले फॉस्फरस टोलेडोच्याच नळाकडे येत राहते.