गाडीची पूजा आणि गाडीची निगा

मंडळी, दसऱ्याच्या दिवशी आपण गाडी धुतो, पुसतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि नारळ फोडतो. यात गैर काहीच नाही. ज्या वस्तूच्या जोरावर आपला संसार चालतो, तिच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत ही आपली जुनी रीत आहे. पण एक प्रश्न विचारतो, रागावू नका. हार घालताना बॉनेट उघडून आत पाहिलं होतंत का?

मीही पाहिलं नव्हतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्राशी माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आईवडील, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन मी कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो होतो. आंबा घाट उतरताना गाडी चौथ्या गियरात आणि माझा पाय सारखा ब्रेकवर. निम्म्या उतारावर ब्रेकचं पायडल मऊ लागू लागलं आणि एका वळणावर ते थेट तळाला टेकलं. गाडी काही थांबेना. पायडल पुन्हा पुन्हा दाबत, गियर उतरवत आणि हाताचा ब्रेक हळूहळू ओढत मी गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. ती थांबली तेव्हा गाडीत कुणीच काही बोललं नाही.

खालच्या गावातून मेस्त्री आले. त्यांनी ब्रेकच्या डबीचं झाकण काढून आत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सर, हे शेवटचं कधी बदललं होतं?" मी गप्प. गाडी घेऊन पाच वर्षं झाली होती आणि असं काही बदलावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. माझे वडील जन्मभर शेती केलेले. ते म्हणाले, "अरे, लांबच्या वाटेला गाडी जुंपण्याआधी आपण बैलाचा खूर बघायचो, आखाला वंगण आहे का बघायचो. तू काय बघितलंस?"

त्या एका वाक्याने मी शहाणा झालो. आजचं बोलणं त्यावरच आहे. गाडी दुरुस्त करणं हे मेस्त्रीचं काम. पण गाडी बघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही.

आधी त्या ब्रेकचं गुपित सांगतो. शिक्षक मंडळींना ते वर्गातही उपयोगी पडेल. आपण पायडल दाबतो तेव्हा तो दाब नळीतल्या द्रवातून चाकापर्यंत जातो. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकाला पोचतो. लोक याला ब्रेक ऑईल म्हणतात. पण बहुतेक गाड्यांत ते तेल नसतं, आणि त्यात इंजिनाचं तेल तर चुकूनही घालू नये, आतली रबरं फुगून बाद होतात. हा द्रव हवेतलं पाणी शोषून घेतो. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक दाबला की चाकाजवळ भयंकर उष्णता होते, मुरलेलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते. आणि वाफ दाबली की आकसते. मग पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो. माझं नेमकं हेच झालं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी हा द्रव बदलून घ्यावा. डबीतली पातळी खाली जात असेल तर नुसती भर घालू नये. एक तर ब्रेकचे पॅड झिजलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. दोन्ही गोष्टी मेस्त्रीला दाखवण्याच्याच.

आणि घाट उतरताना, चढताना लागेल त्याच गियरात उतरा. गाडी इंजिनाने आवरते, ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे लोक मी पाहिले आहेत. ती काटकसर नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला यंत्रातलं काय कळतं? तर माझ्या विषयातली एक गोष्ट ऐका. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण लोक गाडी घ्यायला धजेनात. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ यांनी दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंजिन तापे म्हणून ठिकठिकाणी पाणी भरलं. ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. लांबच्या पल्ल्याला मोटार पहिल्यांदा नेली ती या बाईने, आणि ती शेवटपर्यंत पोचली, कारण तिचं गाडीकडे लक्ष होतं. बघा, इंधन, पाणी, ब्रेक. आजही बघायचं ते फारसं निराळं नाही.

तर मग आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना दहा मिनिटं काढा.

पहिल्यांदा चाकं. गाडीचा सगळा भार चार तळव्यांएवढ्या जागेवर असतो. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. लहान गाड्यांना बहुधा ३० ते ३५ पौंड. टायरवर कोरलेला आकडा हा कमाल मर्यादेचा, तो भरू नये. हवा थंड टायरला तपासावी. लांबून आल्यावर टायर तापलेला असतो, आकडा जास्त दिसतो. तेव्हा हवा सोडाल तर सकाळी ती कमी पडेल. टायरच्या खाचांमध्ये आडव्या लहान पट्ट्या असतात. झिजून टायर त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायरचं आयुष्य संपलं असं समजा. गुळगुळीत टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही, गाडी पाण्यावरून घसरते. आणि स्टेपनीची हवाही बघा. पंक्चर झाल्यावर तीही बसलेली निघाली, की रात्र रस्त्यावरच!

दुसरं, इंजिनाचं तेल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद. तेलाची पट्टी ओढून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि मग काढून पाहा. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की झालं. तेल वरच्या खुणेच्या वरही नको. बैलगाडीच्या आखाला वंगण नसलं तर ती कुरकुरते तरी; इंजिन कुरकुरायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसरं, पाणी. रेडिएटरच्या डबीतली पातळी दोन रेघांमध्ये असावी. आपल्याकडे सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातल्या क्षारांचा थर आत धरतो, जसा आंघोळीच्या बंबात धरतो. म्हणून कंपनीने सांगितलेलं कुलंटच वापरा. आणि एक गोष्ट मुलाबाळांनाही बजावून ठेवा: गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढतो का? तोच नियम इथे. काटा तांबड्यावर गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पुरतं निवेपर्यंत धीर धरा.

चौथं, ब्रेकची डबी. तिच्याविषयी बोललोच. जाता जाता बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का तेही बघा. असल्यास साफ करून घ्या. गाव-शिवारात गाडी अंगणात उभी असते, उंदीर तारा कुरतडतात, तेही उघडल्याशिवाय दिसत नाही. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच तपासून घ्यावा.

शेवटी काच, वायपर आणि दिवे. मागचा ब्रेकचा दिवा आपल्याला दिसत नाही. घरातल्या कुणाला मागे उभं करून पाहा. आणि समोरच्या फळीवर लागणाऱ्या दिव्यांची भाषा शिका. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, तांबडा म्हणजे आत्ता थांबा. तेलाच्या झारीचा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला, तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणू नका. त्या दोन-चार मैलांत इंजिन जाऊ शकतं.

विजेवरच्या गाड्या आल्या आहेत, त्यांना इंजिनाचं तेल लागत नाही हे खरं. पण टायर त्यांनाही आहेत आणि ब्रेकही.

पुष्कळ गावांत चार-चार शिक्षक मिळून एका गाडीतून शाळेला जातात. त्यांनी आलटूनपालटून एकेका आठवड्याची पाळी लावावी. गाडीत एक वही ठेवावी; हवा, तेल, पाणी, ब्रेक यांच्या तारखा तीत लिहाव्यात. आमच्या गाडीत अशी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर ब्रेकचा द्रव बदलल्याची तारीख आहे आणि ती माझ्या वडिलांच्या हातची आहे. घाटातून परतल्यावर त्यांनीच ती वही आणली. आता दर रविवारी सकाळी मी बॉनेट उघडतो तेव्हा ते चहाचा पेला घेऊन शेजारी येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत, फक्त बघतात.

येत्या दसऱ्याला हार जरूर घाला. पण त्याआधी, पूजेचा पहिला भाग म्हणून, बॉनेट उघडा.