तळघरांतील पायलट ज्योत

अमेरिका व कॅनडा येथील पुष्कळ घरांत हिवाळ्याची ऊब तळघरांतील गॅसच्या भट्टीवर अवलंबून असते. अलीकडील भट्ट्या विजेच्या साहाय्यानें पेटतात. परंतु जुन्या भट्टींत एक लहानशी ज्योत अहोरात्र तेवत असते. तिला पायलट म्हणतात. मुख्य बर्नर पेटावयाचा तो हिच्यावरच. बाहेर पारा शून्याखालीं वीस अंश असतां ती विझली, तर कुडकुडणाऱ्या माणसांइतकीच नळांत गोठणाऱ्या पाण्याचीही काळजी पडते.

पुष्कळदां असें होतें, कीं बटण दाबून धरावें तोंवर ज्योत जळते व हात काढतांच विझते. गृहस्थ चिडून पुन्हा काडी ओढतो. वस्तुतः त्या वेळीं यंत्र आपलें कर्तव्यच करीत असतें. ज्योतीच्या तोंडाशीं थर्मोकपल नांवाची एक बारीक दांडी असते. दोन निराळ्या धातूंचा सांधा तापल्यानें होणारा विद्युत्परिणाम झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८२१ सालीं दृष्टीस पडला. त्याचाच हा उपयोग. दांडींत उत्पन्न होणारी वीज अवघी पंचवीस-तीस मिलिव्होल्टची, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याची! परंतु तेवढ्या बळावर एक चिमुकला विद्युच्चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. प्रथम झडप ढकलतें तें बोट. पुढें ती धरावयाची चुंबकानें. दांडी थंड राहिली कीं झडप मिटते, आणि न जळलेला गॅस घरांत कोंडत नाहीं.

तेव्हां शोधावयाचें तें इतकेंच, कीं दांडी कां तापत नाहीं. कधीं नुसती घाई नडते. बटण मिनिटभर तरी धरावें. ज्योत मंद व पिवळट असल्यास पायलटच्या छिद्रांत धूळ किंवा कोळ्याचें जाळें असण्याचा संभव असतो. गॅस बंद करून, भट्टी निवल्यावर तें साफ करावें. ज्योत निळी व स्थिर असावी आणि तिनें दांडीचें टोंक वेढावें. दांडी बाजूला सरकली असली तरी फळ तेंच. ज्योत उत्तम असूनही टिकत नसेल, तर झडपेकडील जोड सैल झालेला असतो किंवा दांडीच निकामी झालेली असते. नवी दांडी महाग नसते. तिनेंही काम न भागल्यास दोष झडपेकडे असावा. तिला मात्र कुशल कारागिरावांचून कोणीं हात लावूं नये. बटण तारेनें बांधून ठेवण्याची युक्ति तर शुद्ध आत्मघात होय.

नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारें तीनशें जीव गेले, त्यांत बहुतेक मुलें होतीं. त्यानंतर गॅसला उग्र वास देण्याचा कायदा तेथें झाला. म्हणून काडी ओढण्यापूर्वीं वास घ्यावा. प्रोपेन हवेहून जड असल्यानें जमिनीलगतही घ्यावा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर गॅस बंद करून पांच मिनिटें थांबावें. वास येतच राहिला, तर दिव्याचें बटणही दाबूं नये. सर्वांनीं बाहेर पडावें आणि शेजाऱ्याच्या घरून गॅस कंपनीस कळवावें.