कमरेतील इंजेक्शन : उपाय की विसावा?

लक्ष्मीपुरी वा शाहूपुरीच्या पेठेत चाळीस-पन्नास वर्षे गादीवर बसून व्यापार केलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांची तक्रार सारखीच असते. दुकानात बसले असता काही दुखत नाही. परंतु मंदिरापर्यंत चालत जाताना दहा मिनिटांत पाय जड होतात, पोटऱ्यांना मुंग्या येतात आणि वाटेत एखाद्या कट्ट्यावर टेकावे लागते. घटकाभर बसले की पाय पुन्हा मोकळे! कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर गेल्यास आणखी एक नवल दिसते. देह पुढे झुकवून पायऱ्या चढताना त्रास कमी होतो. उतरताना मात्र वाढतो.

याचे कारण कण्याच्या रचनेत आहे. मणक्यांच्या आतील ज्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात, ती नळी वयोमानाने अरुंद होते. मणक्यांमधील गादी झिजून फुगते, सांधे जाड होतात, आतील बंध सुजतात. ताठ उभे राहिले की नळी अधिक आवळली जाते; पुढे वाकले की थोडी मोकळी होते. नेदरलँड्समधील शल्यविशारद हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. मात्र पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरीही चालताना पोटऱ्या दुखतात. त्या वेळी नुसते उभे राहिल्यानेही आराम पडतो, बसावे लागत नाही. म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

‘ऑपरेशन नको, एक इंजेक्शन घेऊ’ असा विचार अशा वेळी घरात सुरू होतो. या इंजेक्शनात क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत नसांच्या आवरणाबाहेरील पोकळीत सुई नेतात आणि स्टेरॉइड व बधिरता आणणारे औषध सोडतात. बहुधा त्याच दिवशी रुग्ण घरी येतो. औषधाने नसांभोवतीची सूज उतरते. परंतु अरुंद झालेली नळी रुंद होत नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच पुढे निराशा पदरी येते.

२०१४ साली अमेरिकेत १६ केंद्रांतील ४०० रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्टेरॉइड व बधिर करणारे औषध दिले, उरलेल्यांना केवळ बधिर करणारे औषध. दोन्ही गटांना काहीसा आराम पडला. मात्र सहा आठवड्यांनी दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ इंजेक्शन सर्वस्वी व्यर्थ, असा नव्हे. पायातील कळ असह्य असेल, तर काही आठवड्यांचा विसावा मिळू शकतो. त्या काळात व्यायाम, चालणे व वजन आटोक्यात आणणे साधले, तर तो विसावा सार्थकी लागतो. दर दोन महिन्यांनी सुई घेत राहणे मात्र हितावह नाही. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात.

काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. मधुमेह असल्यास स्टेरॉइडने काही दिवस रक्तातील साखर वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास, एकासणे वा चौविहार असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे, म्हणजे तारीख व औषधांच्या वेळा तशा ठरवता येतील. काही पद्धतींत स्टेरॉइडसोबत हायलुरोनिडेज नावाचे द्रव्य मिसळतात आणि ते प्राणिजन्य असू शकते. आपल्या व्रताशी हा प्रश्न निगडित असल्याने तो संकोच न करता विचारावा.

गंभीर धोके विरळ आहेत, तरी ते नाहीतच असे नाही. पक्षाघात, दृष्टी जाणे, क्वचित मृत्यू अशा घटनांची नोंद घेऊन अमेरिकेच्या औषध नियंत्रण विभागाने २०१४ साली सावधानतेची सूचना काढली होती. इंजेक्शननंतर ताप, तीव्र डोकेदुखी वा पायांत नवी अशक्तता आली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, ही लक्षणे दिसताच इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवावा. तेथे तातडीची शस्त्रक्रियाच लागू शकते. एका दिवसाचा विलंबही आयुष्यभराचे पंगुत्व देऊन जाऊ शकतो.

व्यवहार करताना आपण माल, भाव व मुदत तिन्ही विचारतो. येथेही तसेच विचारावे : दुखणे नेमके कोणत्या मणक्याचे, आराम किती काळ अपेक्षित आणि तो न मिळाल्यास पुढे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे अण्णांना व घरातील मंडळींना एकत्र बसवून समजावून घ्यावीत, आणि मगच संमतिपत्रावर सही करावी.