गॉथिक प्रणयकथेतील अनोळखी पुरुष

गेल्या वर्षी दहावीतील एका मुलीच्या बाकातून काढून घेतलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या मेजावर आली. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ती ‘ट्वायलाइट’ (2005) होती. परत देण्यापूर्वी मी ती वाचून काढली आणि वाचताना सारखे वाटत राहिले की, हा नायक आपल्या जुन्या ओळखीचा आहे.

ओळख खरोखरच जुनी आहे. इंग्रजीत गॉथिक कथेचा आरंभ होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’पासून (1764) मानतात. पुढे अॅन रॅडक्लिफच्या ‘उडोल्फो’त (1794) दुष्ट मॉन्टोनी नायिकेला डोंगरातील गढीत कोंडतो, तिचा प्रियकर मात्र निराळाच, सरळमार्गी तरुण. म्हणजे भय एकाचे व प्रीती दुसऱ्यावर, अशी सोयीस्कर वाटणी तेथे आहे. शार्लट ब्राँटीने ‘जेन एअर’मध्ये (1847) ही वाटणी मोडली. गूढ वाड्याचा धनी आणि नायिकेचा प्रियकर तेथे एकच आहे.

त्या दोघांची पहिली भेट शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. हिवाळ्यातील संध्याकाळ, बर्फावरून घोडा घसरतो आणि स्वार खाली पडतो. अठरा वर्षांची शिक्षिका जेन त्याला आधार देते. तिच्या खांद्यावर भार टाकून तो घोड्यापर्यंत जातो. पण आपणच तिचा मालक रोचेस्टर आहोत, हे सांगत नाही. त्याची पहिली बायको वेडी असून त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे, हे तर लग्नाच्या वेदीपाशी उघड होते. जेनचे प्रेम तेव्हाही आटत नाही. तरी ती पहाटे, अवघ्या वीस शिलिंगांनिशी, घर सोडते. ती परतते तेव्हा चुलत्याच्या वारशाने स्वतंत्र झालेली असते; तो आंधळा होऊन एक हात गमावून बसलेला असतो. पुन्हा तो तिच्याच खांद्याचा आधार घेतो.

आता ‘ट्वायलाइट’ घ्या. पावसाळी फोर्क्स गावात सतरा वर्षांच्या बेलाला भेटणारा देखणा सहाध्यायी एडवर्ड हा 1918 पासून सतरा वर्षांचाच राहिलेला रक्तपिपासू पिशाच आहे. आपण धोकादायक आहोत, असे तो स्वतःच बजावतो. तो संयमही ठेवतो. त्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. परंतु तो रात्री न विचारता तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो आणि बेला ते कळल्यावर सुखावते. ‘एक्लिप्स’मध्ये (2007) तर तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या मोटारीच्या यंत्राचा एक भाग काढून ठेवतो.

माझ्या मते या कथांचे खरे परीक्षण येथे होते. अनोळखी पुरुष किती भयंकर, हा प्रश्न गौण आहे. दाराची कडी कोणाच्या हाती, हा मुख्य. पिशाचाचे दात काल्पनिक आहेत, बंद पाडलेली मोटार काल्पनिक नाही. आमच्या शिक्षकबंधूंची हरकत मात्र सहसा दातांना असते!

पुस्तक परत देताना मी त्या मुलीला ‘जेन एअर’ही दिली. तिने दोन्ही वाचल्या. तिला अद्याप एडवर्डच आवडतो, रोचेस्टर फार वयस्क वाटतो. पण मोटारीचा प्रसंग आठवून, “सर, तेव्हा बेलाने निघून जायला हवे होते,” असे ती आपण होऊन म्हणाली.