विहिरीच्या भिंतीतला प्रवास

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात एका वावरात विहीर खणणं चालू आहे. यारी घरघरते, डबराने भरलेली बकेट वर येते. कॉम्प्रेसर थांबला की काठावरून उघडी भिंत नीट पाहता येते. वर काळी माती, खाली मुरूम, मग बारीक छिद्रांचा खडक. काही छिद्रांत पांढऱ्या गारा बसलेल्या. त्याखाली काळा पाषाण. इथून सुरुंगाचा खर्च वाढतो.

पाषाणाच्या दोन थरांमध्ये एक तांबडा पट्टा आहे. खणणारे त्याला जपून असतात, तो ढासळतो. मला मात्र भिंतीत तोच सर्वांत मोलाचा वाटतो. लाव्हाचा एक लोट थंड झाला, ऊन-पावसाने त्याची माती झाली आणि पुढच्या लोटाने ती गाडून भाजून काढली. दोन उद्रेकांमधली शांतता इथे बोटाने दाखवता येते.

हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज रियुनियन बेट आहे त्या भागात होती. वाशिम आज २० उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे बकेटमधला प्रत्येक दगड विषुववृत्त ओलांडून आला आहे! भारतीय भूपट्ट तेव्हा वर्षाला पंधराएक सेंटिमीटर सरकत होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, हिमालय उचलला जाऊ लागला आणि वेग मंदावला. आजही तो वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतोच आहे.

या रेट्याचा ताण दख्खनच्या पोटातही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी गावात तो भूकंप होऊन सुटला. शेतात जमीन फाटली, एक बाजू वर उचलली गेली आणि हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. त्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. वर मातीच्या माळवदाचा भार. आपल्या शेजारच्या हिंगोलीत २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

विहिरीचं हे डबर उद्या कुणाच्या तरी भिंतीत जाईल. ते रचताना माती वापरू नका, सिमेंटचा मसाला घ्या. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड बसवा आणि दार-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवाच.