तपासणाऱ्यांची तपासणी

जून २०२० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ८०१ आरोग्य कर्मचाऱ्यांचे रक्त तपासण्यात आले. त्यांतल्या २८ जणांना सुमारे सात आठवड्यांपूर्वी कोरोना झाला होता. आरटी-पीसीआरचे अहवाल त्याला साक्षी होते. त्यांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, सापडायला हवी होती. एकाच्याही रक्तात ती सापडली नाहीत. दुसऱ्या एका लहान गटात तीन आठवड्यांपूर्वी बाधित झालेल्यांपैकी ९० टक्के जणांत प्रतिपिंडे होती, तर पाच आठवडे उलटलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते.

हे आकडे बाहेर आले तेव्हा धडकी भरणे साहजिक होते. रोज रुग्णांजवळ उभे राहणाऱ्यांचे संरक्षण दोन महिनेही टिकत नसेल, तर पुढे काय? पण त्या २८ जणांनी खरे तर वेगळी गोष्ट शिकवली. रक्त कधी तपासले आणि त्यात नेमके काय शोधले, यावर चाचणीचे उत्तर ठरते.

रुग्णालयात ही मोजणी किती निकडीची आहे, हे मुंबईने एप्रिलमध्येच पाहिले होते. मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि महापालिकेने अख्खे रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केले. एक सिस्टर बाधित झाली की तिच्या वॉर्डातले रुग्ण, पुढच्या पाळीचे सहकारी, वसतिगृहातल्या मैत्रिणी आणि घरची माणसे असे सगळेच धोक्यात येतात. शिवाय विलगीकरणामुळे कामाचे हात कमी पडतात.

आरटी-पीसीआर सध्याचा संसर्ग पकडते. नाका-घशातून घेतलेल्या स्वॅबमधला विषाणूचा आरएनए आधी डीएनएमध्ये उतरवतात आणि मग यंत्रात त्याच्या प्रती फेरीगणिक जवळपास दुप्पट होत जातात. जितक्या कमी फेऱ्यांत विषाणू दिसतो, तितका तो नमुन्यात जास्त असतो. मात्र संसर्ग ओसरल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे काही आठवडे सापडू शकतात. त्यामुळे पॉझिटिव्ह अहवाल आलेला माणूस अजून आजार पसरवत असेलच असे नाही.

प्रतिपिंडांची चाचणी होऊन गेलेल्या संसर्गाचा माग काढते. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ ही देशी एलायझा चाचणी तयार केली. तिच्या प्लेटच्या छोट्या खळग्यांत निष्क्रिय केलेल्या विषाणूचे अंश चिकटवलेले असतात. वर रक्तद्रव घातला की त्यातली प्रतिपिंडे त्यांना धरून बसतात आणि पुढच्या रसायनांनी रंग उमटतो. अडीच तासांत ९० नमुने तपासून होतात.

मग जे. जे.मधल्या २८ जणांचे काय झाले? सौम्य आजारात प्रतिपिंडे मुळात कमी बनतात आणि लवकर घटू शकतात. काही चाचण्या विषाणूच्या आतल्या ‘एन’ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात, काही काट्यांवरच्या ‘एस’ प्रथिनाविरुद्धची, आणि दोन्हींची पातळी एकाच वेगाने उतरत नाही. शिवाय पातळी उतरली तरी शरीरात स्मृतिपेशी उरतात. त्या या चाचणीत दिसतच नाहीत.

म्हणून प्रतिपिंडे नसणे म्हणजे असुरक्षित असणे नव्हे. आणि एकदा आजार होऊन गेला म्हणून माणूस निर्धास्त झाला, असेही नव्हे. मुंबईत नायर रुग्णालयातले तीन डॉक्टर आणि हिंदुजा रुग्णालयातला एक आरोग्य कर्मचारी २०२० मध्येच दुसऱ्यांदा बाधित झाले. डॉ. जयंती शास्त्री आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वेळच्या विषाणूंचा जनुकीय क्रम ताडून पाहिला आणि हा नवा संसर्ग असल्याचे दाखवले. दुसऱ्या वेळचा आजार अधिक त्रासाचा ठरला.

चौघांवरून नियम ठरत नाही. ब्रिटनमध्ये जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘सायरन’ अभ्यासात रुग्णालयांतल्या २५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा दर दोन आठवड्यांनी स्वॅब आणि साधारण महिन्याने रक्त तपासले गेले. आधी बाधित झालेल्यांना पुन्हा संसर्ग होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी आढळला. तीच माणसे पुन्हा पुन्हा तपासली, म्हणूनच हे कळले.

पण कर्मचाऱ्यांपर्यंत हा संसर्ग येतो कुठून? ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीत ४५ टक्के, इमारतींत १८ टक्के आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत सरासरी २७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तिसऱ्या देशव्यापी पाहणीत, डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात, ७,१७१ आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी २५.७ टक्के जणांत प्रतिपिंडे आढळली. त्यांतली फोड बोलकी आहे: डॉक्टर आणि परिचारिका २६.६, तंत्रज्ञ वगैरे २५.४, गावोगाव फिरणारे कर्मचारी २५.३ आणि कार्यालयातले २४.९ टक्के. रुग्णाच्या खाटेशी उभी असणारी सिस्टर आणि केसपेपर काढणारा कारकून यांच्यात जेमतेम दोन टक्क्यांचे अंतर. पीपीई किट वॉर्डात घालतात. डबा खाताना, लोकलमध्ये किंवा घरी ते अंगावर नसते.

१६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले आणि मोजणीचा अर्थ बदलला. कोविशील्डमुळे फक्त ‘एस’ची प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे ही लस घेतलेल्याच्या रक्तात ‘एन’ची प्रतिपिंडे दिसली, तर संसर्ग होऊन गेला असे म्हणता येते. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने दोन्ही तयार होऊ शकतात आणि ही खूण उपयोगी पडत नाही. आयसीएमआरच्या पाहणीच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या फेरीत आरोग्य कर्मचाऱ्यांतले प्रतिपिंडांचे प्रमाण ८५.२ टक्क्यांवर पोचले, त्यात लसीचा वाटा मोठा होता.

डहाणू-तलासरीसारख्या आदिवासीबहुल भागात हा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालये, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशाताई यांच्यावरच इथली आरोग्यसेवा उभी आहे. पाच-सहा जण एकदम घरी बसले तर पर्यायी माणसे मिळत नाहीत. डहाणूत आयसीएमआरचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, म्हणजे अशा अभ्यासाची सोय हाताशी आहे. पुढच्या साथीत कर्मचाऱ्यांची यादी करताना कंत्राटी सफाई कामगार, १०८ रुग्णवाहिकेचे चालक आणि आशाताई यांची नावे पहिल्या दिवसापासून तिच्यात असली पाहिजेत. स्वॅब आणि रक्त ठरावीक अंतराने घेतले पाहिजे आणि निकाल सर्वांत आधी त्या कर्मचाऱ्याला, त्याला कळेल अशा भाषेत, सांगितला पाहिजे.