नादारीनंतरची पत : कर्जनोंदींचे स्वरूप आणि पतगुणांकाची पुनर्बांधणी

बीजशब्द : नादारी, थकीत कर्ज, तडजोड, निर्लेखन, पतगुणांक, जामीनदार

प्रास्ताविक

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उधारी मिळण्याची योग्यता आणि दुसरा अब्रू. 'त्याची पत गेली' असे म्हणताना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात असतात. पूर्वी ही पत गावातील सावकाराच्या, पेढीच्या व शेजाऱ्यांच्या स्मरणात असे. आज ती ३०० ते ९०० या दरम्यानच्या एका अंकात मोजली जाते व त्या अंकास सर्वसाधारण बोलण्यात 'सिबिल' असे म्हटले जाते. कर्ज बुडाल्यावर, तडजोड झाल्यावर किंवा न्यायालयाने नादार ठरविल्यावर हा अंक पुन्हा कसा उभा राहतो, याविषयी सुशिक्षित वर्गातही बरेच गैरसमज आढळतात. त्यांपैकी सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे देणे मिटले की नोंदही मिटते, हा होय. वस्तुतः देणे मिटणे आणि नोंद मिटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करून पुनर्बांधणीच्या प्रत्यक्ष मार्गांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

नादारीचा कायदा आणि त्याची मर्यादा

भारतात व्यक्तीच्या नादारीसंबंधी दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. १९२० च्या कायद्यात अर्जासाठी किमान देण्याची मर्यादा पाचशे रुपये आहे. हा कायदा कोणत्या काळाचा आहे हे सांगण्यास एवढा तपशील पुरेसा आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तथापि तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू करण्यात आला. पगारदार, शेतकरी, छोटा दुकानदार यांच्यासाठी जुनेच कायदे चालत आले आहेत.

या कायद्यांनुसार नादार ठरलेल्या व्यक्तीची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, धनकोंमध्ये तिचे वाटप होते आणि पुढे कर्जदाराने अर्ज केल्यावर न्यायालय मुक्ततेचा आदेश देऊ शकते. मुक्तता न मिळालेला नादार संसदेचा वा विधिमंडळाचा सदस्य होऊ शकत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ मध्ये नमूद आहे. मुक्ततेचा आदेश मिळाल्यावर नादारीत समाविष्ट होऊ शकणाऱ्या बहुतेक देण्यांतून सुटका होते. मात्र शासनाचे देणे आणि फसवणुकीतून निर्माण झालेले देणे त्यातून सुटत नाही. आणखी एक कलम विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मूळ कर्जदार मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. या मुद्द्याकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा यावे लागेल.

प्रत्यक्षात नादारीसाठी न्यायालयात जाणारे कर्जदार अपवादानेच आढळतात. आपल्याकडे बहुसंख्य थकीत कर्जदारांचा शेवट बँकेच्या दालनात, एकरकमी तडजोडीने होतो. म्हणून पतगुणांकाच्या दृष्टीने खरा अभ्यासविषय तडजोडीची नोंद हाच आहे.

नोंद कोठे राहते

क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, या संस्थेची स्थापना २००० साली झाली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या या क्षेत्रात आहेत. बँका व वित्तसंस्था प्रत्येक कर्जखात्याची माहिती त्यांना पाठवितात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्याने पाठविण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले.

या अहवालात प्रत्येक खात्यापुढे महिनावार किती दिवस हप्ता थकला याची रांग असते. नव्वद दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते. ही माहिती किमान सात वर्षे जतन करावी असा नियम आहे. येथे 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. सात वर्षांनी सर्व पाटी आपोआप कोरी होते, हा समज त्या शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे रूढ झाला असावा. त्याचप्रमाणे, साध्या येणे रकमेच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत असते व ती संपल्यावर न्यायालयात वसुलीचा मार्ग बंद होतो. परंतु त्यामुळे देणे नाहीसे होत नाही आणि अहवालातील थकबाकीही आपोआप पुसली जात नाही.

१८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. कागद हाच पुरावा होता, म्हणून कागदावर रोष निघाला. आजच्या नोंदीला असे जाळता येण्याजोगे शरीरच नाही, आणि ती एका सावकाराजवळ नसून प्रत्येक नव्या धनकोसमोर क्षणात उघडते.

ही नोंद कारण विचारीत नाही, ही तिची मोठी उणीव आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आजारपणात थकलेला हप्ता आणि बेफिकिरीने थकविलेला हप्ता अहवालात सारखाच दिसतो. विनाअनुदानित महाविद्यालयातील किंवा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे मानधन चार-सहा महिने उशिरा आले, तर त्याच्या गृहकर्जाच्या रकान्यात केवळ थकलेले दिवस उमटतात. मानधन उशिरा आले ही वस्तुस्थिती त्यात कोठेही उमटत नाही.

तडजोड, निर्लेखन व पूर्ण फेड

या तीन संज्ञांची सरमिसळ फार होते. उदाहरणादाखल, एखाद्या वैयक्तिक कर्जाची येणे रक्कम ३,००,००० रुपये आहे व बँकेने १,८०,००० रुपयांत तडजोड मान्य केली असे समजू. कर्जदाराच्या दृष्टीने विषय संपतो. बँक त्यास खाते बंद झाल्याचे पत्र देते. मात्र अहवालात खात्यापुढे 'क्लोज्ड' असे न येता 'सेटल्ड' असे येते. पुढील धनको त्याचा अर्थ असा लावतो की, या व्यक्तीने १,२०,००० रुपये दिले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकानुसार, शेतीकर्ज वगळता, तडजोड झालेल्या कर्जदारास त्याच संस्थेने नवे कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिन्यांचा विराम आवश्यक आहे. हा काळ वाढविण्याची मुभा बँकेस आहे.

निर्लेखन हा तर निव्वळ हिशेबाचा भाग आहे. बँक आपल्या ताळेबंदातून रक्कम काढून टाकते, कर्जदारास माफी देत नाही. 'माझे कर्ज बँकेने राइट-ऑफ केले' असे समाधानाने सांगणारे गृहस्थ आढळतात. त्यांच्या अहवालातील ती सर्वांत प्रतिकूल नोंदींपैकी एक असते आणि वसुलीचा हक्कही कायम असतो.

यातून वाट आहे. आर्थिक स्थिती सुधारल्यावर तडजोडीत सोडलेली रक्कम भरून खात्याची स्थिती 'क्लोज्ड' अशी करून देण्यास काही बँका मान्यता देतात. मात्र पैसे भरण्यापूर्वी बँकेकडून तसे लेखी घ्यावे, आणि भरल्यावर बेबाकी दाखला घ्यावा. स्थिती बदलली तरी थकलेल्या महिन्यांची रांग तशीच राहते. तारण कर्ज असल्यास मालमत्तेची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत देणे १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक झाले. संस्थेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईची तरतूद करण्यात आली.

चुकीच्या नोंदींची दुरुस्ती

पुनर्बांधणीचा आरंभ अहवाल मागविण्यापासून होतो. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. चारही अहवाल पाहणे इष्ट, कारण एकात झालेली दुरुस्ती दुसऱ्यात झालेली असेलच असे नाही. फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या नावे येणे, या चुका विशेष तपासाव्यात.

तक्रार केल्यापासून तीस दिवसांत निराकरण न झाल्यास तक्रारदारास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढले व सहा महिन्यांनी ते अमलात आले. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल यंत्रणेच्या कक्षेतही आणल्या गेल्या. दलालास पैसे देऊन 'सिबिल साफ करून देतो' या जाहिरातींच्या मागे जाण्याचे कारण नाही. चुकीची नोंद अर्जाने विनाशुल्क दुरुस्त होते व खरी नोंद दलालासही पुसता येत नाही.

नव्या नोंदींची भर

जुनी नोंद पुसता येत नसल्याने तिच्यापुढे नव्या, नियमित फेडीच्या नोंदी जमविणे एवढाच मार्ग उरतो. अडचण अशी की, गुणांक खाली असताना कर्ज मिळत नाही आणि कर्जाशिवाय नवी नोंद होत नाही. यावर मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड हा सर्वांत व्यवहार्य उपाय होय. समजा, ठेवीवर ३०,००० रुपये मर्यादेचे कार्ड मिळाले. त्यावर किराणा व वीजबिल मिळून आठ-नऊ हजारांचा खर्च करावा आणि संपूर्ण बिल मुदतीपूर्वी भरावे. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, हा संकेत आहे, नियम नव्हे. केवळ किमान रक्कम भरून उरलेल्यावर व्याज भरीत राहणे मात्र पुन्हा त्याच वाटेने नेते.

बँकेचे छोटे सोनेतारण कर्ज वेळेवर फेडल्यानेही अशी भर पडते. याउलट, पगारदार पतसंस्थेत वर्षानुवर्षे वेतनातून नियमित कपात झाली असली तरी ती पतमाहिती कंपनीकडे पोहोचत असेलच असे नाही. आपल्या महाविद्यालयीन वर्गाची बरीचशी सचोटी अशा रीतीने अहवालाबाहेर राहते.

एकाच महिन्यात पाच बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदविली जाते व ती निकडीचे लक्षण मानली जाते. वेतन अनियमित असल्यास हप्त्याची तारीख बदलून देण्याची विनंती हप्ता थकण्यापूर्वीच करावी. गुणांक किती महिन्यांत किती वाढेल याचे निश्चित गणित कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. गणनेची पद्धती कंपन्या पूर्णपणे प्रकट करीत नाहीत.

जामीनदाराचा प्रश्न

कायम सेवेतील प्राध्यापकाची सही जामिनासाठी सर्वाधिक मागितली जाते. सहकाऱ्यास नाही म्हणणेही अवघड जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने प्रथम कर्जदाराकडेच वसुली करावी असे बंधन नाही. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसते, आणि ते थकल्यास त्याच्या स्वतःच्या गृहकर्जाचा किंवा मुलांच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज अडू शकतो. अनेकांना हे त्या अर्जाच्या वेळीच प्रथम समजते.

जामीनदाराने देणे भरल्यास कलम १४० नुसार धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात व ती रक्कम तो मूळ कर्जदाराकडून मागू शकतो. त्यासाठी भरणा पावती, बँकेचे मागणीपत्र व जामीनपत्राची प्रत जपून ठेवावी. सही करतानाच कर्जखात्याचा क्रमांक टिपून ठेवावा आणि दरवर्षी विनामूल्य मिळणाऱ्या अहवालात त्या खात्याचा रकाना स्वतःच्या खात्यांआधी पाहावा.